पटावरची नावे

“शाळेचा दर्जा पार घसरलाय,” हे वाक्य मी आमच्या घरात तीन पिढ्यांच्या तोंडून ऐकले आहे. आईच्या शाळेबद्दल आमचे थोरले आजोबा, आप्पा, असे म्हणायचे. माझ्या शाळेबद्दल आई म्हणायची. आता माझा धाकटा भाऊ त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल तेच म्हणतो. शाळा मात्र एकच आहे, खटाव तालुक्यातल्या आमच्या वाडीची. आधी मारुतीच्या देवळात भरणारी, मग स्कूल बोर्डाची आणि १९६२ पासून सातारा जिल्हा परिषदेची.

यंदा जूनच्या तोंडावर शाळेच्या सभेत पालकांचे याच वाक्यावरून वाजले. तेव्हापासून घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी मला एकेक करून आठवताहेत. दर्जा म्हणजे काय आणि तो कोणासाठी, याचे उत्तर मला सभेतल्या भांडणापेक्षा त्या गोष्टींत जास्त सापडते.

आप्पा १९२५ च्या आसपासचे. त्यांच्या लहानपणी वाडीत शाळा नव्हती. ओढा ओलांडून ते मोठ्या गावच्या लोकल बोर्डाच्या शाळेत जात. बिगरीत पाटीवर अक्षर घोटायचे आणि पुढे सगळा भर पाठांतरावर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि शेवटी साडेतीनची औटकी. बाळबोध लिहायचे, मोडी वाचायची. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला माणूस तलाठी व्हायचा, पोस्टात लागायचा नाही तर मास्तर व्हायचा. ऐंशी ओलांडल्यावरही आप्पा बाजाराचा हिशेब कागदाला हात न लावता करत. आम्ही लहान असताना आम्हाला विचारत, “साडेतीन आणे शेर, तर पावणेसात शेराचे किती?” आम्ही गप्प बसलो की मान हलवून म्हणत, “दर्जा राहिला नाही.”

आता कळते की औटकी शाळेतून गेली ती मास्तरांच्या आळसाने गेली नव्हती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढे शेर, मण जाऊन किलो आले. पाव-अर्धा-पाऊणमध्ये चालणारा व्यवहार दहाच्या पटीत मोजला जाऊ लागला आणि औटकीची गरज संपली. मोडीचेही तसेच झाले. आप्पांना अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेचा मोठा अभिमान. २७ जानेवारी १९६७ ला बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभर सरकारी पुस्तके आली, तेव्हा ते हळहळले होते. त्याच बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेली माझी पिढी आज ती जुनी पुस्तके जपून ठेवते. शाळा बदलली की आपल्याला ती घसरल्यासारखी वाटते. तक्रारीचा एवढा भाग मी बाजूला काढून ठेवते.

उरलेला भाग मात्र बाजूला काढता येत नाही, आणि तो मला आप्पांच्या धाकट्या बहिणीने, आत्याआजीने, सांगितला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे संस्थेने शाळा नसलेल्या गावांत आणि वाड्यांत व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. सातारा जिल्ह्यात अशा शेकडो शाळा झाल्या. इमारत नव्हती. देऊळ, धर्मशाळा, चावडी, जिथे छप्पर तिथे वर्ग. आमच्या वाडीत आलेले पहिले मास्तर परतालुक्यातले होते. त्यांची भाकरी घरोघर वाराने ठरलेली. ज्या घराचा वार, त्या घरची बाई देवळात भाकरी पोचवायची आणि दारातून वर्गाकडे बघून जायची. आपले पोर पुढे बसलेय की मागे, मास्तर शिकवतोय की पेंगतोय, हे तिला रोज दिसे. आप्पा म्हणत, “त्या बायांना अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्यासारखा दिपोटी मी पाहिला नाही.” दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर.

ते मास्तर गेल्यावर फायनल पास झालेले आप्पाच त्या शाळेवर लागले. एके दिवशी खरा दिपोटी येणार असल्याचा निरोप आला. पट कमी दिसला तर शाळा राहते की जाते, अशी धाकधूक. मग वाडीतल्या पोरींना अंघोळ घालून, वेण्या घालून देवळात रांगेने बसवले. त्यात आत्याआजी होती, सात-आठ वर्षांची. तिच्या हातात पाटी दिली. दिपोटीने हजेरी घेतली, तिचे नाव पुकारले, तिने शिकवल्याप्रमाणे “हजर” म्हटले. दिपोटी समाधानाने गेला. संध्याकाळी पाटी परत घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती शेरडांमागे गेली.

आप्पा आपल्या काळच्या शाळेचे गुण गाऊ लागले की आत्याआजी एवढेच म्हणायची, “माझं नाव पटावर हुतं. साळंत मी नव्हते.”

आप्पा गप्प होत. एकदाच त्यांनी उत्तर दिलेले मला आठवते. “पट दिसला नसता तर शाळा गेली असती. मग तुझ्या भावांचंही शिक्षण राहिलं असतं.” यावर ती काही बोलली नाही. भावांचे शिक्षण झाले होते, हे खरेच होते. सही करायला ती खूप उशिरा शिकली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावोगाव रात्री प्रौढांचे वर्ग भरू लागले. दोन लेकरांची आई झालेली आत्याआजी कंदील घेऊन त्या वर्गाला जाई.

शाळेचे जुने जनरल रजिस्टर मी एकदा मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहिले. तांबूस शाईतली, वळणदार अक्षरातली नावे. बिगरीच्या वर्गात नावांची लांबलचक रांग. मग ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात एकाखाली एक नोंदी: गैरहजर, घरकाम, गुरे राखणे, गाव सोडले. वरच्या वर्गापर्यंत पोचलेली नावे बोटांवर मोजावीत इतकी. आप्पांना औटकी ज्या शाळेने शिकवली, त्या लोकल बोर्डाच्या शाळेचे चित्रही वेगळे नसणार. तिथे काही जातींची मुले पडवीत बसत, हे आप्पांनीच मला सांगितले होते, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

म्हणजे आप्पांच्या शाळेचा दर्जा उत्तम होता, पण तो शेवटपर्यंत टिकलेल्या मूठभरांचा होता. जे गळाले, त्यांना दर्जाबद्दल कोणी विचारले नाही, आणि आठवणी सांगायलाही तेच उरले जे शिकले होते. गतकाळच्या शाळेचा गौरव ऐकताना मी आता नेहमी मनात विचारते, यात आत्याआजी कुठे आहे?

शाळा सगळ्यांपर्यंत पोचत नाही आणि पोचते तिथे कमी पडते, ही तक्रार किती जुनी आहे, हे पाहायचे तर १८८२ पर्यंत मागे जावे लागते. हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा आक्षेप होता. किमान वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी होती. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गावच्या शाळांतले शिक्षक आणि शिक्षण दोन्ही कमी पडतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शिक्षक कष्टकऱ्यांतून यावेत, नांगर धरायची लाज नसलेले असावेत, त्यांना नीट पगार मिळावा, मुलांना मोडी-बाळबोध वाचनलेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे, असा आराखडाच त्यांनी मांडला. ‘सगळी मुले शाळेत’ आणि ‘शाळा चांगली’ या दोन मागण्या जोतीरावांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत. पुढे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. आमच्या भागापर्यंत ते वारे पोचायला मात्र आणखी बरीच वर्षे जावी लागली.

आई शाळेत गेली ती जिल्हा परिषद नवी नवी असताना. व्हॉलंटरी शाळा स्वातंत्र्यानंतर स्कूल बोर्डाकडे गेल्या होत्या, तिथून त्या परिषदेकडे आल्या. वाडीला दोन खोल्यांची कौलारू इमारत मिळाली. शनिवारी मुलींनी शाळा सारवायची, टकळीवर सूत काढायचे. गुरुजी गावातच भाड्याने राहत. आईचे नाव तिसरीनंतर घरच्यांनी काढायचे ठरवले, तेव्हा गुरुजी संध्याकाळी अंगणात येऊन बसले आणि आजोबांचा होकार मिळेपर्यंत उठले नाहीत. आई सातवी झाली ती त्या संध्याकाळमुळे. १९७२ च्या दुष्काळात तिच्या धाकट्या भावंडांना शाळेत सुकडी मिळायची. घरी भाकरीची ओढाताण, त्यामुळे त्या वर्षी शाळा कोणी बुडवत नसे.

आईची एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका वळवाच्या वादळात शाळेची कौले उडाली. त्या वर्गात पाटलांचा मुलगा होता, सोसायटीच्या चेअरमनची मुलगी होती आणि शेतमजुरांची पोरेही होती, सगळी एकाच तरटावर. जिल्हा परिषदेकडून काही यायच्या आत गावाने वर्गणी काढली, गाडी जुंपली आणि कौले आणून छप्पर शाकारले. कारण त्या छपराखाली गावात ज्याच्या शब्दाला वजन होते त्याचेही पोर बसत होते.

१९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. एका वस्तीतली सगळ्या थरांची मुले एकाच शाळेत शिकावीत. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, गावची शाळा आतून जाणणारे. आमच्या वाडीत ती शेजारशाळा कोणी न ठरवताच उभी होती, कारण दुसरी शाळाच नव्हती. पर्याय आल्यावरही ती टिकवायची, तर त्यासाठी धोरण लागते आणि गावाचे मनही लागते. दोन्हींत आपण कमी पडलो.

माझ्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, चौथीच्या शिष्यवृत्तीला बसणारी मुले परीक्षेआधी शाळेतच झोपायला जात. गुरुजी रात्री बुद्धिमत्तेची गणिते घालत आणि पहाटे उठवून पुन्हा सोडवून घेत. त्या रात्रींनी मला पुण्यापर्यंत पोचवले, असे मी मनापासून मानते. तरी आई म्हणायचीच, “आमच्या गुरुजींची सर नाही.”

मग बदल वेगाने आले. २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याच वर्षी शिक्षणसेवक योजना आली. नव्या प्राथमिक शिक्षकाने तीन वर्षे महिना ३००० रुपये मानधनावर काम करायचे. शिकवण्याच्या कामाची किंमत समाजाने किती लावली, हे त्या आकड्यावरून गावाला कळले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि तालुक्याच्या रस्त्यांवर खासगी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या दिसू लागल्या. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई धंद्यासाठी परराज्यांत गेली. घरटी मुलेही कमी झाली. पट उतरत गेला, त्यात या सगळ्याचा वाटा आहे. एकट्या शिक्षकांवर तो टाकणे अन्याय आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. सगळ्या शाळांतली मुले एकाच वेळी प्रत्यक्ष मोजली आणि लाखो नावे केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. मी ती बातमी आत्याआजीला वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अजून पोरींला तसंच बसिवत्यात व्हय?”

या सगळ्यानंतर यंदाची सभा. भावाने सरळ सांगितले की मुलीला पुढच्या वर्षी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालणार. दोन शिक्षकांत चार वर्ग, त्यातले एक गुरुजी मतदारयादीच्या कामाला, मुलीने कोणाच्या भरवशावर थांबायचे? त्याचा प्रश्न खोटा नव्हता. एक तरुण बाप म्हणाला, नापास करत नाहीत म्हणून पोरे शिकत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे, गुरुजी साताऱ्याहून रोज अप-डाऊन करतात, त्यांना गावाची काय ओढ? गुरुजी शांतपणे उभे राहिले. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे, निवडणूक यांतून वर्गासाठी किती वेळ उरतो, ते त्यांनी सांगितले. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून दुसरे अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, असे सांगते, याची आठवणही त्यांनी दिली.

शेवटी मागे बसलेली एक बाई बोलली. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी, तिची दोन मुले याच शाळेत आहेत. “तुमची पोरं गाडीत बसून गेली, तवापासनं साळंच्या कौलाकडं कुनी बगितलं न्हाई. आमी बोलून कोन ऐकतंय?”

सभेत त्यावर कोणाला उत्तर देता आले नाही. मला आईची वादळाची गोष्ट आठवली. छप्पर तेच, पण ज्यांच्या शब्दावर ते रातोरात शाकारले गेले होते, त्यांची नातवंडे आता तिथे बसत नाहीत.

दर्जा खरेच घसरला आहे का, याचे सरळ उत्तर द्यायला हवे. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलेच दुसरीचा उतारा वाचू शकतात. ही घोर चिंतेची गोष्ट आहे आणि ती ‘पूर्वीही असेच होते’ म्हणून झटकता येणार नाही. आत्याआजी शाळेबाहेर होती म्हणून निरक्षर राहिली. आजचे मूल वर्गात बसून, खिचडी खाऊन, रोज “हजर” म्हणूनही वाचू शकत नसेल, तर त्याचेही नावच तेवढे पटावर आहे. आणि पिवळ्या गाडीतून गेल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही. खासगी शाळांतही प्रत्येक मुलाला तो उतारा वाचता येत नाही.

पण याच यंत्रणेत सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी मुलांना स्वतः शिकू देणारी पद्धत रुजवली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. म्हणजे सरकारी शाळा म्हणून ती वाईटच असणार, हा समज टिकत नाही. वाईट असते ती दुर्लक्षित शाळा.

२०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचा विचार तेव्हाच पुढे आला. पट कमी म्हणून शाळा बंद करण्याला माझा विरोध आहे. ओढा ओलांडून आप्पा गेले, त्यांच्या बहिणीला कोणी पाठवले नसते. वाडीतली शाळा उठली की पहिल्यांदा मुलीच घरी बसतील, हे आमच्या घरातल्या गोष्टींवरून मला दिसते.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलाचा दाखला काढायचा तुमचा हक्क आहे, तो कोणी नाकारत नाही. पण त्याआधी एक सकाळ वर्गात जाऊन बसा. आपल्या मुलाला आणि त्याच्या शेजारच्या मुलाला एकच उतारा वाचायला द्या. अडखळले तर गुरुजींना विचारा, आणि गुरुजी मतदारयादी घेऊन फिरत असतील तर तहसीलदारांना विचारा. पंचायत समितीकडे अर्ज द्या, त्याची पोच घ्या. ज्यांची मुले गाडीने जातात त्यांनीही यावे, कारण गावात अजून त्यांच्याच शब्दाला वजन आहे आणि शाळा त्यांच्याही गावची आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले आहे. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम याच समितीचे आहे. त्या जागा नावापुरत्या भरू नका. तिथे जाऊन बसा आणि बोला.